कोरलाइन शैवाल पांढरं पडलं, नवीन धरत नाही. मॅग्नेशियमची बाटली फोडू का?

किटणवाली, नाशिक · ३ मार्च, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी दंतवैद्य आहे. दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये तीन फुटी मरीन टँक ठेवलाय, दगड-वाळू वजा जाता पाणी साधारण १७० लिटर. टँक आठ महिन्यांचा झाला. आत टँकमध्येच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी, एक गोबी आणि आठ टर्बो गोगलगायी. कोरल नाही आणि ठेवायचंही नाही. मला फक्त कोरलाइनने, म्हणजे दगडावर चुन्यासारखा कडक थर धरणाऱ्या शैवालाने, दगड जांभळे झालेले हवेत.

दगड सगळे कोरडे विकत घेतलेले, पांढरेफटक. एकच मुठीएवढा दगड मुंबईच्या एका हौशी गृहस्थांनी त्यांच्या जुन्या टँकमधून दिला होता. त्यावर गुलबक्षी रंगाचे चार डाग होते, सगळ्यात मोठा रुपयाच्या नाण्याएवढा. विरजण लावल्यासारखं त्याच्यावरून बाकीचे दगड रंगतील असा माझा हिशेब. आठ महिन्यांत टिकलीभरही पुढे सरकलं नाही. त्यात तीन आठवड्यांपूर्वी नवा एलईडी लावला, तर दहा दिवसांत होते ते डागही उतरले. वरचे दोन तर आता खडूसारखे दिसतात.

आकडे असे: हायड्रोमीटरवर (पाण्याची घनता, म्हणजे खारेपणा) १.०२५, तापमान २६, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, डीकेएच या एककात) ६.२ डीकेएच, कॅल्शियम ३५५, मॅग्नेशियम १११०, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.२५ (हे चार पीपीएममध्ये). दर पंधरा दिवसांनी २० लिटर पाणी बदलते. रोजचं टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर) आरओच्या पाण्याने, ते आमच्या दवाखान्यातल्या मावशी करतात आणि माझ्यापेक्षा नेमाने करतात.

मला स्वतःला संशय फॉस्फेटचा. किटण धरू नये म्हणून टूथपेस्टमध्ये पायरोफॉस्फेट घालतात, हे मी पेशंटना रोज सांगते. तसलंच काहीतरी दगडावर चाललं असेल. दुकानदार म्हणतो मॅग्नेशियम कमी आहे आणि त्याने एक लिटरची बाटली गळ्यात मारलीय. बाटली अजून फोडलेली नाही.

दिवसभर लोकांच्या दातांवरचं किटण खरवडायचं आणि संध्याकाळी काचेला नाक लावून तेच दगडावर कधी धरेल म्हणून वाट बघायची, यावर घरात पुरेसे विनोद झालेत. इथे नवीन चालतील.

---

निवळीमास्तर, मिरज · ४ मार्च, सकाळी ६.१५

डॉक्टर, बाटली फोडू नका. दुकानदार परत घेत असेल तर आजच देऊन टाका.

तुमचे आकडे एकेक करून वाचू नका, शेजारी शेजारी मांडा. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४१०, मॅग्नेशियम १२८० ते १३००, अल्कलिनिटी ७ च्या आसपास. तुमच्याकडे ३५५, १११०, ६.२. भागाकार करा. तिन्ही साधारण एकाच प्रमाणात कमी आहेत, अकरा ते चौदा टक्क्यांनी. एकटं मॅग्नेशियम कमी असतं तर गोष्ट वेगळी. तिघं एकदम आणि सारखीच कमी, म्हणजे तुमच्या आमटीत मीठच कमी पडलंय. पाण्याचा खारेपणा (हजार भागांत मिठाचे किती) समुद्राच्या ३५ ऐवजी ३० च्या जवळपास असणार.

आता तुम्ही म्हणाल हायड्रोमीटर १.०२५ दाखवतो. तो प्लास्टिकच्या डबीतला हलत्या काट्याचा असणार, पैज लावतो. त्या काट्याला बारीक बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं. क्षार साठले की तो वेगळंच काही सांगतो. आणि पाणी बदलताना बादलीतलं मीठही तुम्ही त्याच काट्याने मोजत असणार. म्हणजे चूक दर पंधरवड्याला नव्याने ओतली जाते.

ताडून बघा. घरातलं पांढरं बारीक मीठ तव्यावर कोरडं करून ३७ ग्रॅम घ्या, ते ९६३ ग्रॅम आरओच्या पाण्यात विरघळवा. वजनाने, कपाने नव्हे. दवाखान्यात चांगला काटा असेलच. या पाण्याची घनता ३५ च्या समुद्राच्या पाण्याइतकी येते, म्हणजे काटा १.०२६ च्या किंचित वर थांबला पाहिजे. पाणी टँकच्या तापमानाला आणून, डबीला दोन टिचक्या मारून, बुडबुडे घालवून वाचा. मग न टिचकवता वाचा. फरक डोळ्यांनी दिसेल. (हे मिश्रण या डबीसाठी. उजेड किती वाकतो त्यावरून खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरसाठी प्रमाण थोडं वेगळं लागतं, ३६.५ ग्रॅम आणि ९६३.५.)

दुसरी गोष्ट. तुम्ही दोन प्रश्न एकात कालवलेत. डाग पांढरे का पडले हा एक, आणि नवीन का धरत नाही हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दिव्यात आहे, दुसऱ्याचं पाण्यात.

कोरलाइन म्हणजे लाल शैवाल, आपल्या पेशींच्या भिंतीत चुनखडी भरणारं. साधी चुनखडी नाही, मॅग्नेशियम मिसळलेलं कॅल्साइट. १८३७ मध्ये फिलिपी नावाच्या जर्मन माणसाने ही वनस्पती आहे असं दाखवून दिलं, तोवर भले भले तिला प्राण्यांत मोजत होते. तिचा गुलाबी रंग फायकोएरिथ्रिन या रंगद्रव्याचा. ते निळा-हिरवा उजेड टिपतं, म्हणजे नेमका खोल पाण्यात उरतो तो. म्हणून या शैवालाला उजेड अगदी नावापुरता पुरतो. बहामाजजवळ १९८४ मध्ये पाणबुडीतून पाहिलं तेव्हा २६८ मीटर खोलीवर हे दगडाला धरलेलं सापडलं. अशा प्राण्याला, चुकलो, अशा वनस्पतीला तुम्ही रात्रीत नवा एलईडी दाखवलात. किती टक्क्यांवर ठेवलाय? शंभरावर?

दिवा ४० वर आणा आणि आठवड्याला पाच-पाचने चढवा. खडू झालेला भाग गेला, तो परत गुलाबी होणार नाही. झालंच तर शेजारचा जिवंत भाग त्याच्यावरून चढेल.

फॉस्फेटबद्दल तुमचा अंदाज बरोबर, पण तो दुय्यम आरोपी. फॉस्फेट चुना बसायला अडथळा करतंच, आणि कोरडे दगड ते बरेच दिवस सोडत राहतात. ०.१ च्या खाली हळूहळू आणा. शून्यावर मात्र नेऊ नका, त्याने वेगळीच कटकट सुरू होते.

---

किटणवाली, नाशिक · ४ मार्च, दुपारी २.२०

सर, दिवा ९५ वर होता. शंभर नव्हता, एवढीच माझी अब्रू.

आणि हो, हलत्या काट्याचाच. मिठाचं पाणी आत्ता दोन पेशंटच्या मधल्या वेळात केलं. टिचक्या न मारता काटा पट्टीच्या टोकाला, १.०३० ला टेकला. टिचक्या मारून १.०२९. म्हणजे माझ्या टँकमधलं १.०२५ हे खरं १.०२२ च्या आसपास. आठ महिने. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "मग मासे आळणी खात होते म्हणा की."

आता मीठ एकदम वाढवू की हळू? आणि हसू नका, पण पानाचा चुना घातला तर चालेल का? तुमचं नावच चुन्याच्या निवळीवरून आहे म्हणून विचारते.

---

ओहोटी, मालवण · ४ मार्च, सायंकाळी ७.०५

डॉक्टरबाई, रंगाचं मी सांगते, कारण मला टँक नाही, पण घरापासून खडक दहा मिनिटांवर.

मोठ्या ओहोटीला खडकातली डबकी उघडी पडतात. एकाच खडकावर वरच्या उन्हाच्या बाजूला हा थर फिकट अबोली असतो, कुठे कुठे तर राखाडी म्हणावा इतका. हात घालून खालच्या कपारीत बघितलं तर तोच थर आमसुलासारखा काळपट लाल. पूर्वी मला दोन जाती वाटायच्या. काही ठिकाणी असतीलही, या थरांच्या जाती नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. पण अबोली थर सरळ वळून कपारीत शिरताना गडद होत गेलेला मी बघितलाय. म्हणजे उजेड कमी तिथे रंगद्रव्य जास्त. त्यामुळे "जांभळा हवा" म्हणजे तुम्हाला खरं तर सावली हवी.

अजून एक. पांढरं सगळंच मेलेलं नसतं. वाढत्या डागाची कड बऱ्याचदा फिकी, पांढुरकी असते, नखाच्या मुळाशी चंद्रकोर असते तशी. कड पांढरी आणि मध्ये गुलाबी असेल तर आनंद करा. मध्ये पांढरं आणि कडेला गुलाबी उरलं असेल तर ते मरतंय. तुमच्या खालच्या दोन डागांचं कसं आहे ते बघा.

आणि निळ्या दिव्याखाली रंग ठरवू नका. हे रंगद्रव्य निळ्या उजेडात स्वतःच नारिंगीकडे झुकून चमकतं, त्यामुळे चांगला जांभळा डागही विटकरी दिसतो. पांढरा दिवा लावून, नाहीतर दिवसाउजेडी बघा.

कोणी सांगायच्या आधीच सांगते, कारण दर सुट्टीत कोणीतरी विचारतं: इथून दगड उचलून नेऊ नका. १९८७ पासून इथल्या समुद्राचा एक भाग सागरी अभयारण्य आहे. अभयारण्याबाहेरही प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. गुलाबी दगडावर बोटाच्या पेराएवढं प्रवाळ असलं तर तुम्हाला ते दिसणारही नाही. तुम्ही नेणार नाही हे माहीत आहे, पण हे वाचणारा दुसरा कोणी नेईल.

---

निवळीमास्तर, मिरज · ५ मार्च, सकाळी ६.३०

ओहोटीताईंनी कडेचं सांगितलं ते मला सुचलं नव्हतं. आमचा समुद्र बादलीत मावणारा.

मीठ हळू वाढवा. सोपी रीत: मावशींना आठवडाभर टॉप-अपला आरओऐवजी नीट मोजलेलं ३५ चं खारं पाणी द्या. जेवढं पाणी उडतं तेवढंच मीठ जमा होत जाईल. गोगलगायी या बाबतीत नाजूक असतात, त्या काचेवरून गळून पडायला लागल्या तर थांबा. ३५ झालं की पुन्हा आरओ. हे पुन्हा आरओवर येणं विसरू नका, मावशींच्या डब्यावर चिठ्ठी लावा.

पानाचा चुना नको. त्यात काय काय असतं ते भट्टीवाल्यालाच माहीत, शिवाय कात-सुपारी लागलेलं बोट त्यात कधी बुडालं असेल सांगता येत नाही. चुना लागलाच तर खाद्य दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड मिळतं.

पण माझं नाव निवळी असूनही सांगतो, तुम्हाला निवळी आत्ता लागत नाही. तुमच्या टँकमध्ये चुना खाणारं आहे कोण? चार डाग, त्यातले दोन मेलेले. पूर्ण मुरलेली एक लिटर निवळी तुमच्या १७० लिटरमध्ये अल्कलिनिटी साधारण पाऊण डीकेएचच्या थोडी खाली वाढवते. तुम्ही रोज दोन लिटर टॉप-अप निवळीने केलंत तर चार दिवसांत पाणी दुधाळ होईल आणि हीटरवर पांढरं किटण चढेल, तुमच्या ओळखीचं. मी स्वतः २०१७ च्या उन्हाळ्यात निवळी बसवली. तेव्हा टँकमधून रोज तीन लिटर पाणी उडायचं. जुलैत पाऊस लागला, हवा दमट झाली, उडणं एका लिटरवर आलं, आणि निवळी टॉप-अपमधूनच जात असल्याने डोस आपोआप तिसऱ्या हिश्श्यावर. मी मात्र महिनाभर टेस्ट किटला शिव्या देत होतो.

म्हणून आधी खप मोजा, मग घाला. सलग पाच दिवस एकाच वेळी अल्कलिनिटी मोजून वहीत लिहा. कॅल्शियम मोजत बसू नका, ते लबाड आहे. चुना बसताना अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० ने उतरतं, आणि ४२० मधले २० घरच्या किटमध्ये दिसतही नाहीत. ७ मधले २.८ आंधळ्यालाही दिसतील. अल्कलिनिटी पाच दिवस जागची हलली नाही तर तुमच्या टँकमध्ये काहीही वाढत नाहीये, मग पाणी कितीही सुंदर असो.

मीठ ३५ झाल्यावर अल्कलिनिटी सातच्या आसपास येईल. ती आठवर न्यायला खायचा सोडा पुरे. तुमच्या पाण्यात ५ ग्रॅमला साधारण १ डीकेएच. आरओच्या पाण्यात विरघळवून दोन दिवसांत विभागून घाला. खायचा सोडा म्हणतोय, धुण्याचा नाही, आणि पापडखार तर अजिबात नाही.

शेवटचं, बी. एका दगडावर आठ महिने थांबलात. ज्यांच्या काचेवर हे खवल्यांसारखं धरलंय अशा कोणाकडून खरवड मागा.

---

जर्सीकर · ५ मार्च, सकाळी ९.५०

खरवड? माझ्याकडून पोतं घेऊन जा. न्यू जर्सीहून पाठवता येत नाही एवढंच दुःख आहे.

माझा टँक २८० लिटरचा, कोरल भरपूर, सहा वर्षांचा. ज्याची तुम्ही वाट बघताय ते मी दर रविवारी ब्लेडने काचेवरून काढतो. काच आहे म्हणून ब्लेड चालतं, अ‍ॅक्रिलिक असेल तर विचारही करू नका. पंपाच्या पात्याला धरलं की पंप आधी कुरकुरतो, मग बंद पडतो. कोमट पाण्यात लिंबूसत्व टाकून रात्रभर बुडवायचा, सकाळी फेस येऊन सगळं निघालेलं असतं. बायको चहाचं भांडं समजून त्यात चमचा घालणार होती, तेव्हापासून बादलीवर कवटी काढलीय.

एक मुद्दा कोणी काढला नाही. वेटिंग रूम म्हणजे दारं बंद, एसी चालू, आठ-दहा माणसं बसलेली. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्यात उतरतो आणि पीएच पडतो. माझ्याकडे हिवाळ्यात घर बंद असतं तेव्हा पीएच ७.८ आणि उन्हाळ्यात खिडक्या उघडल्या की ८.२, बाकी काही न बदलता. पीएच कमी असला की चुना सावकाश बसतो. मी स्किमरची (पाण्यात हवा घुसळून घाण फेसात काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर काढलीय. तुम्ही किमान रात्री कुलूप लावताना एक झडप उघडी ठेवा.

मास्तर, शाळेत चुन्याच्या निवळीत फुंकर मारून ती दुधाळ करायचा प्रयोग असायचा ना? डॉक्टरांचे पेशंट टँकवर तोच करतायत.

---

निवळीमास्तर, मिरज · ५ मार्च, सकाळी १०.१५

तो प्रयोग मी तीस वर्षं घेतला. आणि फुंकर मारतच राहिलं की दुधाळ झालेली निवळी पुन्हा नितळ होते, चुनखडी परत विरघळते. निम्मी पोरं तिथवर पोचण्याआधीच नळी फेकून पळायची. जर्सीकर, मुद्दा बरोबर आहे.

---

किटणवाली, नाशिक · १४ जून, रात्री ११.०५

उशीर झाला, माफ करा. दवाखाना, मुलीची बारावी, आणि खरं सांगायचं तर सांगण्यासारखं काही नव्हतं.

मीठ नऊ दिवसांत ३५ वर आलं. गोगलगायींपैकी एक गेली, ती म्हातारी होती असं मी स्वतःला सांगितलंय. मॅग्नेशियम काही न घालता १२७०, कॅल्शियम ४०५. दुकानदाराने बाटली परत घेतली नाही. ती माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कोणाला हवी तर न्या.

दिवा ४० वरून आता ६० वर. ओहोटीताई, खालच्या दोन डागांपैकी एकाला खरंच चंद्रकोर होती, मी भिंगातून बघितली. दात बघायचं भिंग कामाला आलं.

मुंबईच्याच गृहस्थांकडून एप्रिलमध्ये खरवड आणली, डबीभर, त्यांच्या टँकच्या पाण्यात. पंप चालू ठेवून, फिल्टरचा मोजा (गाळायची पिशवी) काढून, दगडांवर सोडली. मावशी म्हणाल्या रांगोळी उधळताय का.

वहीत रोज अल्कलिनिटी. मार्चच्या उत्तरार्धात ८.० ची रेघ सरळ. एप्रिल सरळ. मेच्या मध्यापर्यंत सरळ. मी तीनदा किट बदलायचं ठरवलं आणि तीनदा मास्तरांनी किटला घातलेल्या फुकटच्या शिव्या आठवून थांबले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ८.० चं ७.८ झालं. वाटलं हात चुकला. पुढच्या आठवड्यात ७.५. दगडांवर तेव्हा काहीही दिसत नव्हतं, मी पांढरा दिवा लावून बघितलं होतं.

आज रविवार, दवाखाना बंद. फॉस्फेट ०.०८. पंप धुवायला काढला, तर त्याच्या मागच्या काळ्या प्लास्टिकवर, जिथे दिव्याचा उजेड पोचतच नाही, तिथे सात-आठ ठिपके. मोहरीएवढे. रंग जांभळा नाही, गुलबक्षीही नाही, डाळिंबाच्या सालीसारखा लालसर तपकिरी. आधी वाटलं सायनो (बुळबुळीत लालसर सायनोबॅक्टेरिया) असेल, म्हणून बोटाने पुसलं. निघालं नाही. नखाने खरवडलं. निघालं नाही. मग उठून आतून दातांचं किटण काढायचा स्केलर आणला, ठिपक्यावर टोक टेकवलं, आणि तसाच ठेवून दिला.

पंप न धुताच परत लावलाय.